फिटच्या गोळ्या आणि हाडांची झीज : विचारायचे कोणाला?

केवडा

माझ्या थोरल्या बहिणीला शाळेत असल्यापासून अपस्मार आहे. आज तिचे वय ४७ आहे. सुरुवातीची काही वर्षे फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन अशा दोन्ही गोळ्या होत्या. पुढे फिनोबार्बिटोन बंद झाली आणि फेनिटॉइन रोज रात्री ३०० मिलिग्रॅम अशी आजतागायत चालू आहे. कित्येक वर्षांत तिला एकही फिट आलेली नाही, त्यामुळे या गोळीबद्दल वावगे काही ऐकून घेण्याची घरात कोणाची तयारी नसते. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात पाय घसरून ती हातावर पडली आणि तेवढ्यानेच मनगटाचे हाड मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टर घातले, ‘या वयात बायकांचे असे होतेच’ म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. तिची पाळी अद्याप नियमित आहे, म्हणून मला ते उत्तर पटले नाही. आग्रह धरून तपासण्या करून घेतल्या. ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम म्हणजे फारच कमी, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या घडामोडींत रक्तात वाढणारे एक एन्झाइम) वाढलेले, कॅल्शियम खालच्या मर्यादेच्या किंचित खाली आणि डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कण्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना) उणे २.८ आला.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तर ‘हाडांचे हाडांच्या डॉक्टरांना विचारा, गोळीला मात्र हात लावू नका’ असे सांगून त्यांनी विषय संपवला. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात, फिटच्या गोळीविषयी मी बोलणार नाही. या गोळ्यांचा आणि हाडांचा खरोखर संबंध आहे का, असल्यास गोळी बदलावी का आणि हे सर्व एकत्र पाहणारे नेमके कोण, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे, ही विनंती.

आंबेमोहर

संबंध नक्की आहे. माझ्या वडिलांना कार्बामाझेपिन चालू होती, त्यांचा एक मणका काही न लागताच दबला. तेव्हा आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. जाणकारांच्या उत्तराची वाट पाहतो.

रानजाई

केवडाताई, मी मेंदूविकार विभागात काम करते. येथे कोणाला औषध लिहून देणार नाही, परंतु तुमच्या तीनही प्रश्नांवर सविस्तर लिहिते, कारण हा विषय दोन विभागांच्या मधल्या फटीत नेहमीच पडून राहतो.

संबंध आहे आणि तो नवा शोध नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारावर वापरात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतून आणि १९७० मध्ये इंग्लंडमधून, ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांमध्ये हाडे मऊ होण्याचा विकार दिसतो, असे अहवाल प्रसिद्ध झाले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे, पण आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात आणि त्यात ‘फिट आली का?’ या प्रश्नापुढे गाडी सरकत नाही.

हे कसे घडते ते समजून घ्यावे. त्वचेत तयार झालेले किंवा गोळीतून घेतलेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाचे होते. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, प्रिमिडोन आणि कार्बामाझेपिन ही औषधे यकृतातील विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अधिक कामाला लावतात. ती विकरे औषधासोबत ड जीवनसत्त्वाचेही निरुपयोगी तुकडे करत राहतात. त्यामुळे अशा व्यक्तीला ड जीवनसत्त्व देणे हे गळक्या माठात पाणी भरण्यासारखे होते, आणि म्हणूनच तिची गरज इतरांच्या दुप्पट-तिप्पट धरावी लागते. ड कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही, रक्तातील कॅल्शियम घसरू लागते, गळ्यातील परावटू ग्रंथी जागी होऊन पॅराथायरॉइड संप्रेरक (हार्मोन) वाढवते आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली तूट भरून काढते. रक्ताचा अहवाल बराच काळ ठीक दिसतो आणि किंमत मात्र हाडे मोजत असतात. फेनिटॉइन याखेरीज आतड्यातील कॅल्शियमच्या शोषणावर आणि हाड घडवणाऱ्या पेशींवर थेटही परिणाम करते. सोडियम व्हालप्रोएटचे प्रकरण निराळे आहे. ते विकरांना चाळवत नाही, तरी ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हाडांची घनता कमी आढळते आणि त्याचे कारण अजून पुरते उलगडलेले नाही.

आता तुमच्या बहिणीच्या अहवालाविषयी. पाळी चालू असलेल्या स्त्रीसाठी टी-स्कोअरपेक्षा समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा असतो. तो अहवालात खाली छापलेला असेल. त्याहून महत्त्वाचे असे की, डेक्सा यंत्र हाडातील खनिज मोजते, ते कमी का आहे हे सांगत नाही. हाड विरळ होणे वेगळे आणि हाडाचा सांगाडा असूनही त्यात खनिज न भरल्यामुळे ते मऊ राहणे वेगळे. पहिल्याला अस्थिविरळता म्हणतात, दुसऱ्याला अस्थिमृदुता. ड ९, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि कॅल्शियम खाली असे तिन्ही एकत्र असताना अस्थिमृदुतेचा संशय आधी घ्यायला हवा. तिला जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावे लागतात का, जिना चढताना मांड्या आणि खुबे अशक्त वाटतात का, अंग सतत ठणकते का, हे विचारून पाहा.

केवडा

रानजाई, मनापासून आभार. झेड-स्कोअर उणे २.३ आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणे वाचून मी थक्क झाले. गेली दोन-तीन वर्षे ती देवघरासमोर खाली बसली की उठताना पाटाला आणि भिंतीला धरते. आम्ही ते वाढलेल्या वजनावर ढकलत होतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा घेण्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळीही लिहिली आहे, ती अजून सुरू केलेली नाही. ती सुरू करावी का?

रानजाई

आधी त्यांना ड जीवनसत्त्वाचा आणि कॅल्शियमचा आकडा दाखवा. अ‍ॅलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्यात येणारे झोलेड्रोनिक आम्ल ही औषधे हाडांतून कॅल्शियम बाहेर पडण्याची वाट अडवतात. ड आणि कॅल्शियम भरून न काढता ती दिली, तर रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते, आणि कॅल्शियम फार खाली गेले की त्यानेच झटके येऊ शकतात. अपस्माराच्या रुग्णाच्या बाबतीत हे किती गोंधळाचे होईल, याची कल्पना करा. घरचे समजणार की फिट परत आली, डॉक्टर फेनिटॉइन वाढवणार आणि मूळ कारण तसेच राहणार. त्यातच बहिणीची पाळी चालू आहे, त्यामुळे या औषधाचा निर्णय घाईने घेण्याचे कारणही नाही. केवळ ड आणि कॅल्शियम पुरेसे मिळाल्यावर अस्थिमृदुतेतील डेक्साचा आकडा लक्षणीय सुधारतो, असे आम्ही नेहमी पाहतो.

सातपुडा

मी औषधविक्रेता आहे. दुकानाच्या काउंटरवर जे रोज पाहतो त्यातले काही सांगणे येथे उपयोगी पडेल.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी ही आठवड्याला एक अशी असते, साधारणपणे आठ आठवडे, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक किंवा रोजची लहान मात्रा. ‘ताकदीची पावडर’ समजून ती रोज घेणारे लोक मी पाहिले आहेत. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. अती झाले की रक्तात कॅल्शियम चढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, भ्रमिष्टपणा आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा असा तो क्रम आहे. पुडीवर दिवस लिहून देण्याची पद्धत आम्ही त्यामुळेच ठेवली आहे.

कॅल्शियमच्या गोळीवरचा आकडाही नीट वाचावा. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. सायट्रेटमध्ये ते प्रमाण जवळजवळ निम्मे, एक पंचमांशाच्या आसपास भरते. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, सायट्रेट केव्हाही चालते. फेनिटॉइन आणि कॅल्शियम मात्र एकत्र गिळू नये. दोन-तीन तासांचे अंतर राहू द्यावे, कारण कॅल्शियममुळे फेनिटॉइनचे शोषण कमी होऊ शकते. पित्तावरची अ‍ॅन्टासिडची औषधेही याच यादीत येतात. ताईंची फेनिटॉइन रात्रीची आहे, तेव्हा कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत घेतले की प्रश्न मिटतो.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. गोळी संपली, नेहमीच्या कंपनीची मिळाली नाही, म्हणून जी मिळेल ती कंपनी घेऊन जाणारे लोक. इतर औषधांचे एक वेळ चालेल, परंतु फेनिटॉइनची उपयोगी मात्रा आणि बाधक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

रानजाई

सातपुडा यांचा शेवटचा मुद्दा हाडांच्या विषयाशी सरळ जोडलेला आहे, म्हणून त्याला पुस्ती जोडते. फेनिटॉइनचे वैशिष्ट्य असे की, एका मर्यादेनंतर मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील पातळी एकदम उसळते. मग तोल जातो, चाल अडखळते, डोळ्यांपुढे सगळे हलते. अशी व्यक्ती फिट न येताही पडते. दीर्घकाळच्या वापराने लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल कायमचा बिघडल्याचेही आढळते. अपस्माराच्या रुग्णांत हाड मोडण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, तो केवळ हाडे कमकुवत असतात म्हणून नव्हे. फिटमध्ये पडणे, फिटमध्येच स्नायू इतके जोराने आवळले जाणे की न पडताही मणका दबावा किंवा खांदा निखळावा, आणि गोळ्यांमुळे तोल जाणे, असे सगळे त्यात आहे. आंबेमोहर यांच्या वडिलांच्या बाबतीतही रात्री झोपेत फिट येऊन गेली होती का, हे कोणी तपासले होते का?

आंबेमोहर

नाही, तसे कोणी विचारलेच नव्हते. सकाळी उठल्यावर त्यांची जीभ चावलेली असे, असे आई सांगते. आता त्या दोन्ही गोष्टींचा मेळ लागतो.

खडीसाखर

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, तो चालत नाही, आणि अपस्मारासाठी व्हालप्रोएट व क्लोबाझाम चालू आहेत. गेल्या वर्षी अंघोळीनंतर पायजमा चढवताना त्याच्या मांडीचे हाड मोडले. तो बोलून सांगू शकत नाही. पाय सुजला आणि हात लावू देईना, तेव्हा आम्हाला कळले. एका रुग्णालयात माझ्याकडे संशयाने पाहत ‘कोणी मारले का?’ असे विचारण्यात आले, ते मी जन्मात विसरणार नाही.

नंतर बालसंप्रेरकतज्ज्ञांनी नीट समजावले. जे मूल उभे राहत नाही, त्याच्या हाडांवर भार पडत नाही, आणि भार नसला की हाड घडतच नाही. त्यात ऊन नाही, चावता येत नसल्यामुळे आहार अपुरा, आणि वरून औषध. आता तो रोज उभे राहण्याच्या चौकटीत पट्ट्यांच्या आधाराने उभा राहतो. ड जीवनसत्त्वाची तपासणी ठरावीक काळाने होते. ज्या पालकांची मुले खुर्चीत किंवा अंथरुणात आहेत, त्यांनी हाड मोडण्याची वाट न पाहता हे विचारून घ्यावे. फिट आटोक्यात आणण्यासाठी देतात तो किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट असा) आहार सुरू करणाऱ्यांनीही हाडांविषयी आधी विचारावे. त्या आहारानेही हाडांवर परिणाम होतो आणि मुतखड्याची शक्यता वाढते.

मेथीदाणा

माझ्या मते या रासायनिक गोळ्या हळूहळू बंद करून काढे आणि नाचणीवर भर द्यावा. हाडे आपोआप सुधारतील.

सातपुडा

मेथीदाणा, असे जाहीरपणे लिहू नये, ही नम्र विनंती. गोळी मनाने बंद केल्याने एकामागून एक फिट येत राहून माणूस दगावल्याची उदाहरणे आमच्या गावात आहेत. नाचणीला माझा विरोध नाही.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि स्वतः कार्बामाझेपिन घेतो. येथील औषधनियंत्रक संस्थेने २००९ मध्येच कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, प्रिमिडोन आणि व्हालप्रोएट यांच्याविषयी सूचना काढली की, ही औषधे दीर्घकाळ घेणारे, विशेषतः जे अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांना ऊन मिळत नाही किंवा ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे, त्यांना ड जीवनसत्त्व देण्याचा विचार व्हावा. सूचना असूनही मला ती कोणी आपणहून सांगितली नाही. मी विचारले, तेव्हा झाले. येथे हाड मोडण्याचा धोका काढणारी दोन गणिते वापरतात. त्यांपैकी क्यूफ्रॅक्चर या गणितात अपस्माराची नोंद करता येते, फ्रॅक्स या जास्त प्रचलित गणितात या औषधांचा वेगळा रकानाच नाही. म्हणून फ्रॅक्सने ‘धोका कमी’ असे सांगितले तरी आपल्यासारख्यांनी त्यावर विसंबू नये.

माझा प्रश्न गोळी बदलण्याचा आहे. लेव्हेटिरासिटॅम किंवा लॅमोट्रिजिन हाडांना सुरक्षित आहेत असे वाचतो. मग सरळ बदलून का टाकू नये?

रानजाई

लॅमोट्रिजिनचा हाडांवर विशेष दुष्परिणाम दिसत नाही. लेव्हेटिरासिटॅम यकृतातील विकरांना चाळवत नाही, त्यामुळे ते जुन्या औषधांपेक्षा बरे समजले जाते, तरी त्यावरचे सगळे अभ्यास एकसारखे नाहीत. ऑक्सकार्बाझेपिन नवे असले तरी कार्बामाझेपिनचेच भावंड आहे, ड जीवनसत्त्व तेही खाली आणते. टोपिरामेट आणि झोनिसामाइड रक्तातील आम्लता वाढवतात आणि तीही हाडांना मानवत नाही. तेव्हा ‘नवे ते निर्धोक’ असा हिशेब येथे लागू पडत नाही.

ज्याला आज निदान होते आहे आणि ज्याला पुढची तीस-चाळीस वर्षे गोळी घ्यायची आहे, त्याच्यासाठी हाडांचा विचार पहिल्या चिठ्ठीपासून व्हावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जिला फेनिटॉइनवर वर्षानुवर्षे एकही फिट आली नाही, तिची गोळी बदलणे हा वेगळाच प्रश्न आहे. बदलताना नवे औषध चढवत आणि जुने उतरवत जावे लागते, त्या आठवड्यांत आणि नंतरही फिट परतण्याचा धोका असतो. आणि परतलेली एक फिट तिला जिन्यावर किंवा गॅससमोर गाठू शकते. लेव्हेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव कमालीचा चिडका होतो, उदासी येते. कोणी बदल करून सुखी झाले, कोणाला पश्चात्ताप झाला, दोन्ही मी पाहिले आहे. माझा स्वतःचा कल असा आहे की, आधी ड आणि कॅल्शियम भरून काढावे, फेनिटॉइनची रक्तातील पातळी पाहावी, तोल तपासावा, आणि त्यानंतरही हाडे सावरत नसतील किंवा चाल बिघडलेली असेल, तर बदलाची चर्चा निवांतपणे करावी. माझे काही सहकारी मनगट मोडल्याबरोबर बदलाच्या बाजूने उभे राहतील, आणि त्यांचेही म्हणणे निराधार नाही.

रानपाखरू

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. येथे एक बाजू कोणी मांडलेली नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन घेणाऱ्या स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्यांचा पुरता भरवसा राहत नाही, कारण तीच यकृतातील विकरे त्या संप्रेरकांचेही विघटन करतात. म्हणून अशा स्त्रियांना ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुचवले जाते, जे सरकारी केंद्रात मोफत मिळते. त्याचा प्रभाव या गोळ्यांनी कमी होत नाही, हे खरे. पण या इंजेक्शनने वापराच्या काळात हाडांची घनता उतरते, आणि बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते. म्हणजे फेनिटॉइन आणि अंतरा दोन्ही वर्षानुवर्षे चालू असलेल्या स्त्रीच्या हाडांवर दुहेरी ताण येतो. अशा वेळी तांबीचा पर्याय डॉक्टरांशी बोलून पाहावा. आमच्याकडे येणाऱ्या किती जणींच्या कार्डावर फिटच्या गोळीची नोंद असते? जवळजवळ कोणाच्याच नाही. लग्नात लपवलेला आजार आरोग्य केंद्रातही लपवला जातो, सासू सोबत बसलेली असते.

उन्हाबद्दलही सांगते. ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो, परंतु ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. आपल्याकडे साधारण ११ ते २ या वेळेतील ऊन कामाचे, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे. हातपाय आणि पाठ उघडी ठेवून ऊन घेणे शहरातल्या सदनिकेत किंवा पदर घेणाऱ्या बाईला जमत नाही, हे मान्य. म्हणूनच एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सरसकट आढळते, आणि या गोळ्या घेणाऱ्यांनी केवळ उन्हावर विसंबू नये.

केवडा

आहारातून किती कॅल्शियम मिळते, याचा हिशेब कोणी सांगू शकेल का? बहीण दूध घेत नाही, दही-ताक घेते.

रानपाखरू

प्रौढाची गरज दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत तुमचा एक तृतीयांश भाग झाला. १०० ग्रॅम दह्यात सव्वाशे-दीडशे धरा. ताक पातळ केले की त्याच प्रमाणात उतरते. तीळ फार गुणी दिसतात, पण सालासकट तिळांतील ऑक्झॅलेटमुळे त्यांतले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आहारातून जे भागेल ते भागवून उरलेलेच गोळीतून घ्यावे.

आंबेमोहर

आमच्या सोसायटीत दर वर्षी हाडांच्या तपासणीचे मोफत शिबिर होते; टाच यंत्रात ठेवायची आणि लगेच आकडा मिळतो. तेवढ्यावर भागेल का?

रानजाई

ते टाचेचे अल्ट्रासाउंड असते, डेक्सा नव्हे. त्यावरून चाळणी लावता येते, उपचार ठरवता येत नाहीत आणि सुधारणाही मोजता येत नाही. त्या आकड्याला घाबरून पुड्या विकत घेऊ नका आणि तो चांगला आला म्हणून निश्चिंतही होऊ नका. डेक्सा कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची करतात. पुन्हा करायची असल्यास शक्यतो त्याच यंत्रावर करावी, यंत्र बदलले की आकड्यांची तुलना बिनभरवशाची होते.

केवडा

काल आम्ही एका संप्रेरकतज्ज्ञांकडे गेलो होतो. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच. त्यांनी पॅराथायरॉइड संप्रेरक तपासले, ते वाढलेले निघाले. अ‍ॅलेंड्रोनेट सध्या थांबवले आहे. ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत असे सुरू केले आहे. फेनिटॉइनची पातळी ठीक आली, त्यामुळे मात्रा तीच ठेवली. मेंदूविकारतज्ज्ञांना त्यांनी स्वतः पत्र लिहून दिले आहे, ते घेऊन सोमवारी जाणार आहोत. तीन महिन्यांनी ड, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा पाहायचे आणि डेक्सा दीड-दोन वर्षांनी.

सातपुडा

पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा, ताई, आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत तीच दाखवत चला.